छातीतील छाया

जुनी इंदूरमध्ये आमच्या बिऱ्हाडाला लागून एक गिरणी-कामगार राहत असत. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. कार्डिंग खात्यात त्यांची हयात गेली होती. सोमवारी रात्री त्यांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येई. एकदा त्यांच्या छातीचे क्ष-किरण चित्र काढण्यात आले. ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून ते माझ्या वडिलांना म्हणाले, "मास्तर, डाग तर कुठेच नाही. मग जिना चढताना दम का लागतो?" वडिलांपाशी उत्तर नव्हते. डाग नाही, त्याअर्थी रोग नाही, असे ठरून काका पुन्हा त्याच खात्यात कामावर गेले. त्यांचा तो प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही.

बंद छातीच्या आत काय चालले आहे हे बाहेरून कसे ओळखावे, हा वैद्यकाचा फार जुना पेच आहे. १७६१ हे साल मराठी माणसाला पानिपताचे म्हणून ठाऊक आहे. त्याच वर्षी थोरले माधवराव पेशवेपदावर आले. आणि योगायोग असा, की त्याच वर्षी व्हिएन्नातील औएनब्रुगर नावाच्या वैद्याने छातीवर बोटांनी ठोकून आतला रोग ओळखण्याची रीत छापून प्रसिद्ध केली. हा खानावळवाल्याचा मुलगा. पिंप किती भरले आहे हे ते ठोकून पाहण्यावरून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. समकालीनांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. अकरा वर्षांनी, नोव्हेंबर १७७२ मध्ये, माधवराव थेऊर येथे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी क्षयाने गेले. पुढे १८१६ मध्ये फ्रान्सच्या लेनेकने कागदाची सुरळी छातीला लावून आतले आवाज ऐकले आणि त्यातून स्टेथॉस्कोप जन्माला आला. हा लेनेकही १८२६ मध्ये क्षयानेच वारला.

ऐकण्याकडून पाहण्याकडे जाण्यास मात्र ८ नोव्हेंबर १८९५ ची संध्याकाळ उजाडावी लागली. वुर्ट्झबर्ग येथील प्राध्यापक राँटगेन यांना त्या दिवशी एक अज्ञात किरण सापडला. बीजगणितात अज्ञात राशीला जे अक्षर देतात तेच त्यांनी त्याला दिले. आपण मराठीत त्या अक्षराच्या जागी 'क्ष' लिहितो, म्हणून तो क्ष-किरण झाला. क्षय या शब्दाचा आरंभही त्याच अक्षराने व्हावा, ही मौज मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो. हवेने भरलेले फुप्फुस या किरणांना फारसे अडवीत नाही, म्हणून फिल्मवर ते काळे उमटते. हाडे, पाणी, सूज किंवा गाठ त्यांना अडविते, म्हणून ती पांढरी दिसते. तेव्हा आपण ज्याला 'डाग' म्हणतो तो वस्तुतः पांढरा असतो!

आपल्या देशात या किरणांची खरी मोठी कसोटी १९५५ ते १९५८ या काळात झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने फिरत्या गाड्यांतून यंत्रे नेऊन गावोगावच्या माणसांच्या छातीची लहान आकाराची चित्रे घेतली. क्षय हा गिरण्यांच्या, दाटीवाटीच्या शहरांचा रोग, ही तोवरची समजूत. पाहणीत तो खेड्यांतही शहरांइतकाच आढळला. एवढ्या विस्तीर्ण देशाला यंत्रे कोठून पुरवायची? शिवाय चित्र वाचण्यात दोन डॉक्टरांचे एकमत होत नसे. इतकेच नव्हे, एकच डॉक्टर तेच चित्र दुसऱ्यांदा वाचताना स्वतःशीच असहमत होई, असे अमेरिकेतील अभ्यासांत १९४० च्या दशकातच दिसले होते. म्हणून १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात थुंकीच्या तपासणीला अग्रमान मिळाला. तो निर्णय त्या परिस्थितीत शहाणपणाचा होता, असे मला वाटते. परंतु २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीने दुसरी बाजूही दाखविली. केवळ लक्षणे विचारून थांबले असते तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. त्यांना पकडले ते छातीच्या चित्राने.

साध्या चित्रात बरगड्या, हृदय आणि फुप्फुस एकावर एक पडतात. हृदयामागे दडलेली गाठ त्यामुळे सहज चुकते. हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने चहूबाजूंनी किरण सोडून, गणिताने शरीराचा पातळ काप पडद्यावर उभा केला. १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाची, तीही मेंदूची, तपासणी झाली आणि १९७९ मध्ये त्यांना कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. २०२१ च्या उन्हाळ्यात तर सीटी स्कॅन हा शब्द इंदुरात घरोघरी पोहोचला. पंचविसांपैकी किती 'स्कोर' आला, हे पालक मला परीक्षेचे गुण सांगावेत तसे फोनवर सांगत. फरक इतकाच, की येथे कमी गुण मिळाले की घरात सुटकेचा श्वास टाकला जाई.

आता काकांच्या फिल्मकडे वळू. कापसाच्या धुळीने श्वासनलिका आवळतात, त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. १९५० च्या दशकात शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरण्यांत त्याचा कसून अभ्यास केला. या रोगाची अशी खास सावली फिल्मवर पडत नाही; चित्र बहुधा निर्दोषच दिसते. तो ओळखायचा तो कामगाराला प्रश्न विचारून आणि त्याच्या फुंकरीचा जोर यंत्राने मोजून.

हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तेथील कामगारांची थकबाकी देण्याचा प्रश्न सुटण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. काका दुसऱ्या गिरणीत होते, आणि तोवर ते राहिलेही नव्हते. त्यांच्या मुलीने ती फिल्म ट्रंकेत जपून ठेवली होती. गेल्या वर्षी ती घेऊन आम्ही दोघे एका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती उजेडात धरली, पुष्कळ वेळ पाहिली आणि चित्र स्वच्छ असल्याचे सांगितले. मग काका काम कोठे करीत हे विचारून घेतले आणि म्हणाले, "ताई, त्यांना दम कोणत्या दिवशी जास्त लागत असे?"

"सोमवारी," ती म्हणाली. "पण हे त्यांना कोणी विचारलेच नाही."