म्यू गुणिले एन

लिओनार्दो दा विंचीच्या १४९३ सालच्या एका वहीत घर्षणाचे दोन्ही मुख्य नियम सापडतात: वजन दुप्पट केले की घर्षण दुप्पट होते, आणि वस्तू रुंद बाजूवर ठेवा की अरुंद, घर्षण तेवढेच राहते. त्याने ते कधी प्रसिद्ध केले नाहीत. मग १६९९ साली गियोम आमोंताँ यांनी तेच नियम पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले. तांबे, लोखंड, शिसे, लाकूड अशा पृष्ठभागांवर डुकराची जुनी चरबी चोपडून त्यांनी घर्षण मोजले आणि ते भाराच्या एक तृतीयांश भरते, असे सांगितले. सगळीकडे एकच आकडा येण्यामागे ती चरबीही असावी. क्षेत्रफळाचा संबंध नाही हे मात्र अकादमीला पटेना. अकादमीतल्या द ला इर यांनी स्वतः प्रयोग करून खात्री केली.

घर्षण आणि भार यांच्या गुणोत्तराला, म्हणजे घर्षणांकाला, ‘म्यू’ हे अक्षर दिले ते गणितज्ञ ऑयलर यांनी, बर्लिनमध्ये. १७५० साली छापलेल्या निबंधांत त्यांनी उतरणीचा विचार केला. फळीचा कोन हळूहळू वाढवत नेला तर ठोकळा एका क्षणी सुटतो, आणि सुटला की रेंगाळत नाही, चांगला वेग घेतो. म्हणजे सरकताना घर्षण कमी झालेले असले पाहिजे. केवळ तर्काने काढलेला हा निष्कर्ष मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

लष्करी अभियंता असलेल्या कूलाँ यांनी १७७९ साली रोशफोरच्या जहाजगोदीत भार लादलेल्या लाकडी घसरगाड्या ओढून याची कसून मोजणी केली. त्या कामाला १७८१ साली अकादमीचे पारितोषिक मिळाले. लाकडावर लाकूड जितका वेळ स्थिर राहील तितके ते सुटायला जड जाते, हेही त्यांनी नोंदवले.

पाठ्यपुस्तकातले ‘म्यू गुणिले एन’ आले ते असे; एन म्हणजे पृष्ठभाग वस्तूला लंब दिशेने देतो ते बल. स्थिर ठोकळ्यासाठी हे सूत्र सांगते ती सुटण्याच्या क्षणीची ओढ, म्हणजे स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा. हे विसरले की गणित फसते. १० किलोचे खोके, स्थितिक घर्षणांक ०.४, गतिक ०.३, गुरुत्व त्वरण १०. आडवे बल २५ न्यूटन लावले तर घर्षण किती? पुष्कळ जण सरळ ४० लिहितात. तसे असते तर खोके ढकलणाऱ्याच्याच अंगावर आले असते! घर्षण २५ आहे, कारण खोके जागेवर ठेवायला तेवढेच लागते. बल ४५ केले की मर्यादा ओलांडली, खोके सुटले. आता घर्षण ३०, उरलेले १५ न्यूटन त्वरण देतात, १.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग. म्हणून आधी ‘सरकते का?’ हे ठरवायचे, सूत्र नंतर. एन म्हणजे दरवेळी वजन नव्हे, हेही तपासायचे. दोरी तिरकी वर ओढली की एन घटतो.

क्षेत्रफळाचे कोडे सुटायला विसावे शतक उजाडले. केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर यांनी दाखवले की दोन पृष्ठभाग फक्त सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात. भार वाढला की ती टोके चेपतात आणि खरा स्पर्श भाराच्या प्रमाणात वाढतो. बाहेरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाला त्यात स्थान नाही. धातूंना हे छान लागू पडते. रबराला तितकेसे नाही: भार वाढला की त्याचा घर्षणांक उतरतो, त्यामुळे टायरच्या अभियंत्याला म्यूचा एकच आकडा पुरत नाही.