नॅनोसेकंदाची मर्यादा

विजेचा दाब उतरविण्याचा अर्वाचीन इतिहास म्हणजे काळाचे तुकडे करण्याचा इतिहास होय. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि पुढे त्याने उघडमीट करणाऱ्या कळीचे काम पत्करले. १२ व्होल्टांतून १ व्होल्ट हवा, तर प्रत्येक आवर्तनाचा सुमारे बारावा हिस्साच कळ चालू ठेवावयाची. वेटोळे आणि धारित्र त्या तुकड्यांचा सलग दाब करतात.

१९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टांवर चाले. पुढील वर्षीचा ३.३ वर. आज संगणकाच्या गाभ्यास सुमारे एकच व्होल्ट लागतो. दुसरीकडे, वेटोळे लहान व्हावे म्हणून आवर्तने वाढत गेली. सेकंदास वीस लक्ष आवर्तने झाली, की कळीच्या वाट्यास जेमतेम ४२ नॅनोसेकंद येतात. परंतु कळ लागताच उठणारा क्षोभ शमेपर्यंत नियंत्रकास प्रवाह नीट मोजता येत नाही. त्याहून अल्प काळ मागितला, तर तो मधली आवर्तने गाळतो, दाब हेलकावतो आणि नाजूक गाभ्याचे गणितही चुकू शकते.

उपाय असे: वेग आवरावा, अथवा दाब दोन पायऱ्यांनी उतरवावा. घाईने उतरणाऱ्यास पायरीचे मोल कळते, ते असे.