चिंधीवरचं फूल

बाळाच्या कुंचीला गोंडा, टोपड्याला कापडाचं फूल, झबल्याला रिबिनीची गाठ. असं काहीतरी लावायचा मोह कुणाला आवरतो? त्या फुलाचं तसं काही काम नसतं. उलट ते टोचतं, सुटून तोंडात जातं, म्हणून घरातली जुनी माणसं ओरडतात. पण अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये अशा बिनकामाच्या फुलाला एक काम मिळालं होतं. दुसऱ्याच्या हाती सोपवलेलं मूल आपलंच आहे, हे आईला त्याच्या आधारानं सिद्ध करता येई.

थॉमस कोरम हा जहाजावरचा म्हातारा कप्तान. लंडनच्या रस्त्याकडेला टाकून दिलेली बाळं बघून अस्वस्थ झालेला. सतरा वर्षं खटपट करून त्यानं १७३९मध्ये राजाची सनद मिळवली आणि २५ मार्च १७४१ला फाउंडलिंग हॉस्पिटल सुरू झालं. नावात हॉस्पिटल असलं तरी तो दवाखाना नव्हता. मूल सांभाळणं ज्यांना शक्यच नाही, त्यांनी ते आणून द्यायची ती जागा.

बाळ आत आलं की कारकून छापील फॉर्म काढी. त्यावर टोपी, लाळेरं, फ्रॉक, बाह्या, दुपटं, मोजे अशी यादी आधीच छापलेली. पुढे फक्त कापड, रंग, नक्षी लिहायची. आईचं नाव लिहून घेत नसत. मग उद्या ती परत आली तर ओळख कशी पटणार? म्हणून तिनं दिलेली एखादी खूण, नाहीतर बाळाच्याच कपड्याचा कापलेला तुकडा, त्या कागदाला टाचणीनं टाचायचा आणि घडी घालून मोहोर लावायची. बाळाला मिळायचा एक नंबर, गळ्यात शिशाचा बिल्ला, नवं नाव आणि संस्थेचे कपडे. मग खेड्यातल्या दूध पाजणाऱ्या दाईकडे रवानगी.

असे सुमारे पाच हजार तुकडे आज शिल्लक आहेत. एका कागदावर पिवळी, निळी, हिरवी आणि गुलाबी अशा चार अरुंद रिबिनींचा गाठ मारलेला झुबका आहे. कुठे भरतकामातली कळी, कुठे हृदयाच्या आकारात कापलेलं लाल लोकरी कापड. आणि छापील फुलं तर पानोपानी. १७५८ साली आलेल्या एका मुलीच्या चिठ्ठीत तिचं नावच फ्लोरेला लिहिलंय. तिची विशेष काळजी घ्या, तिला परत न्यायला येणार आहोत, अशी विनवणीही आहे.

या छापील फुलांचं मूळ आपल्याकडचं. आजीच्या तोंडी असलेलं ‘चीट’ आणि इंग्रजांचं ‘चिंट्झ’ हे एकाच घरचे शब्द. मच्छलीपट्टणसारख्या बंदरांतून गेलेल्या फुलाफुलांच्या सुती कापडानं इंग्लंडला असं वेड लावलं, की तिथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी दंगे केले. १७२१मध्ये छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आली, ती १७७४पर्यंत टिकली. पण फुलं काही गेली नाहीत. इंग्रज छपाईवाल्यांनी ती तागाच्या कापडावर आणि ताग-कापसाच्या मिश्र कापडावर उतरवली. लंडनच्या गरीब मोलकरणीच्या बाळाच्या बाहीवर आली ती हीच नक्कल केलेली फुलं.

इथे गहिवरून जायचा मोह होतो, पण जरा थांबू या. प्रत्येक फूल काही आईनं विचार करून निवडलेलं नाही. बरेचसे तुकडे कारकुनानं ओळखायला सोपं जावं म्हणून कात्रीनं कापले. मला तर त्यामुळेच ते जास्त खरे वाटतात. बाळाला हातचं सोडतानाही बायांनी त्याला फुलाफुलांच्या बाह्या घालून आणलं होतं, हे त्यातून कळतं. राजघराण्यातली वस्त्रं संग्रहालयात जातात आणि गरिबाच्या अंगावरचे कपडे फाटेपर्यंत वापरून पुढे त्यांचं पोतेरं होतं. इथे मात्र ते घडी घातलेल्या कागदात उजेडाविना पडून राहिले, म्हणून रंगासकट वाचले.

१७५६ ते १७६० या काळात संसदेच्या पैशावर येईल त्या बाळाला घ्यायचं ठरलं. चार वर्षांपेक्षा कमी काळात जवळपास पंधरा हजार बाळं आली. त्यातली दोन तृतीयांशांहून जास्त लहानपणीच गेली. १७४१ ते १७६० या वर्षांत घेतलेल्या १६,२८२ मुलांपैकी परत नेली गेली फक्त १५२.

११ फेब्रुवारी १७६७ला आलेला १६५१६ नंबरचा मुलगा चार्ल्स. त्याच्या आईनं, सारा बेंडरनं, रंगीत कापडाचे तुकडे गोधडीसारखे जोडले होते. त्यावर एक हृदय आणि ‘एस’ व ‘सी’ ही दोन अक्षरं भरलेली. तो जोड मधोमध कापला. अर्धा कागदाला टाचला गेला, अर्धा तिच्याकडे.

१० जून १७७५ला ती त्याला न्यायला आली. तोवर तो आठ वर्षांचा झाला होता आणि संस्थेत त्याचं नाव बेंजामिन ट्विर्ल होतं. मुलगा आईबरोबर गेला. अर्धं हृदय अजून लंडनच्या दफ्तरखान्यात, त्याच कागदाला लागलेलं आहे.