स्टिअरिंग जड झालं की हात?



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कारण सांगते, पण हसू नका!

गेले तीन-चार महिने गाडीचं स्टिअरिंग जड वाटत होतं. गाडी म्हणजे आमची जुनी मारुती ८००, पॉवर स्टिअरिंग नसलेली. खारघरच्या उत्सव चौकाला वळसा घालताना खांदे भरून यायचे. सोसायटीत गाडी लावताना तर मध्येच थांबून दम खावा लागे. हे मी फोनवर बोलून गेले आणि तिथेच चुकले. पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, चौऱ्याहत्तर पूर्ण झाली तुला. आता विकून टाकू गाडी. रिक्षा आहेत की." सूनबाईंनी री ओढली. नणंदबाईंपर्यंत बातमी पोचली. हळूहळू मलाही वाटू लागलं, की संपले आपले हात. मनातल्या मनात किल्ली देऊनही टाकली होती.

मागच्या आठवड्यात चाकात खिळा घुसला म्हणून पंक्चरवाल्याकडे गेले. त्याने सहज बाकीच्या चाकांना मीटर लावला आणि म्हणाला, "माताजी, इसमें तो हवा ही नहीं है!" पुढच्या दोन्ही चाकांत, स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दहा-बारा पौंड हवा कमी. एका व्हॉल्व्हची पिनही गळत होती. त्याने मला टायरवरून बोट फिरवायला लावलं. दोन्ही कडा गुळगुळीत, मधल्या खाचा मात्र शाबूत. हवा भरली, पिन बदलली आणि येताना उत्सव चौकात गाडी अशी वळली की मी उगाचच अजून एक फेरी मारली!

जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे "असं का?" हा प्रश्न पडला की मी मागे मागे जाते. तशी गेले.

आधी गणित. आपल्याला वाटतं गाडी रबरावर उभी आहे. खरं तर ती बहुतांशी हवेवर उभी असते. छोट्या गाडीचं माणसांसकट वजन ८०० किलो धरू, म्हणजे एका चाकावर २०० किलो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल (मीटरवर साधारण २८-२९ पौंड), तर जमिनीला टेकणारा तुकडा होतो सुमारे १०० चौरस सेंटिमीटर. जेमतेम आपल्या तळहाताएवढा! दाब कमी झाला की तेच वजन पेलायला तुकडा मोठा होतो, टायर पसरतो आणि भार कडांवर जातो. म्हणून कडा झिजतात, आणि एवढा मोठा तुकडा रस्त्यावर घासत फिरवायचा म्हणून स्टिअरिंग जड लागतं. उलट हवा जास्त झाली की टायर फुगून मधोमध झिजतो, स्टिअरिंग हलकं होतं पण गाडी रस्त्यावर उड्या मारते. एकाच बाजूची हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. टायर आपली तक्रार अशी लिहून ठेवत असतो, फक्त वाचणारा हवा.

आता इतिहास. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये घेतलं, पण जग ते विसरून गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध पुन्हा लावला. १८९५ च्या पॅरिस-बोर्डो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी मोटारीला हवेचे टायर लावले. वाटेत पंक्चरवर पंक्चर झाले, शर्यत काही जिंकली नाही, पण हवेवर मोटार धावते हे दिसलं.

सुरुवातीच्या मोटारींच्या टायरांत ५०-६० पौंड हवा कोंबलेली असे. हाडं खिळखिळी व्हायची! १९२३ च्या सुमारास अमेरिकेत 'बलून' टायर आले, रुंद आणि जवळजवळ निम्म्या दाबाचे. गादीवर बसल्यासारखा प्रवास, पण स्टिअरिंग एकदम जड झालं आणि पुढची चाकं थरथरू लागली. आराम मिळाला, त्याची किंमत हातांनी मोजली. त्याच दशकात फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने पॉवर स्टिअरिंग तयार केलं. बाजारातल्या मोटारीत ते यायला मात्र १९५१ साल उजाडलं.

आपल्याकडे ते फार उशिरा पोचलं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी (मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, २०२३ मध्ये बंद झाली तीच) मनगटाच्या जोरावर चालवायची. आमचीही पहिली गाडी जुनी फियाटच. हे फाटकाबाहेर पडून शंभर पावलं गेले की म्हणायचे, "पुढच्या डाव्यात हवा कमी आहे." मीटर नाही, काही नाही. हातांना ऐकू यायचं! मला गाडी शिकवताना त्यांनी हे दहादा सांगितलं होतं. आता हे नाहीत, आणि मी मात्र हातांनी सांगितलेलं ऐकलं आणि दोष हातांनाच दिला.

पॉवर स्टिअरिंगने हात सुखावले, पण त्यांचे कान जरा मंदावले. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत बोलावले. टायरचं वरचं आवरण सुटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटत होत्या, अडीचशेहून अधिक माणसं गेली. दोष कोणाचा यावर दोन्ही कंपन्या भांडल्या. त्या भांडणातला एक मुद्दा हवेचाच होता, फोर्डने सांगितलेली २६ पौंड की ३०? त्यानंतर कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या नव्या मोटारींत हवा उतरल्याची सूचना देणारा दिवा सक्तीचा झाला. तोही पेटतो २५ टक्के हवा गेल्यावर!

हे दूरचं वाटेल, पण खारघरच्या शेजारी कळंबोलीहून २००२ पासून पूर्ण सुरू झालेला पुण्याचा एक्सप्रेसवे निघतो. "उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवा, गरम झाली की वाढते" हा सल्ला मी इथेच कितीदा ऐकलाय. अगदी उलटा आहे तो. हवा तापून वाढणार हे धरूनच स्टिकरवरचा आकडा दिलेला असतो, आणि तो थंड टायरचा असतो. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेरीला जास्त दुमडतात, त्यातून उष्णता वाढते आणि वेगात असताना टायर फुटतो. म्हणून हवा सकाळी, गाडी फार न चालवता तपासायची. आणि वाटेत गरम टायरची हवा सोडायची नाही.

असो. मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो हसला, पण शिक्षिकेचा मुलगा आहे, दुसऱ्या दिवशी स्वतःची गाडी तपासून आला. नवी, पॉवर स्टिअरिंगवाली. चारही चाकांत सहा-सात पौंड कमी! "आई, मला काहीच जाणवलं नव्हतं गं," म्हणाला. गाडी विकायचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

एक दिवस हात खरंच थकतील, तेव्हा किल्ली मी आपण होऊन देईन. तोवर ठरवलंय, पेन्शन जमा झाली की त्याच दिवशी सकाळी हवा भरायची.

तुम्ही शेवटची कधी तपासली? कळवा!