विदर्भाच्या एका निवडीची मीमांसा

रणजी करंडकाच्या स्पर्धेत विदर्भाचा संघ प्रथम उतरला तो १९५७-५८ साली. पुढील साठ वर्षांत त्यास अंतिम सामना एकदाही गाठता आला नाही. २०१७ मध्ये विदर्भ क्रिकेट संघटनेने प्रशिक्षकपदी मुंबईचे चंद्रकांत पंडित ह्यांची निवड केली. आपल्यांत माणसे नव्हती काय, हा प्रश्न साहजिक आहे. वऱ्हाडात तो प्रत्येक नेमणुकीच्या वेळी विचारला जातोच! परंतु २०१५-१६ मध्ये मुंबईस करंडक मिळवून देणारे हे गृहस्थ पुढच्याच वर्षी अंतिम सामना हरताच मुंबईस नकोसे झाले होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

पहिल्याच हंगामात इंदूर येथे दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव झाला. गुरबानी ह्यांच्या त्रिक्रमाची आठवण सर्वांस आहे. अकोल्याच्या एकोणीस वर्षांच्या आदित्य ठाकरे ह्यांचे प्रथमश्रेणी पदार्पण त्याच अंतिम सामन्यात झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. २०१९ मध्ये करंडक पुन्हा आला.

सारे श्रेय पंडितांस द्यावे काय? २०२२ मध्ये त्यांनी मध्यप्रदेशासही प्रथमच विजयी केले, तेव्हा त्यांचे कर्तृत्व निर्विवाद होय. तथापि विदर्भाची निवासी अकादमी त्यांच्या आगमनापूर्वीची, हे विसरून चालणार नाही. शिवाय मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक मिळाला, तेव्हा इंदूरचे शतकवीर अक्षय वाडकर कर्णधार होते आणि प्रशिक्षक होते विदर्भाचेच उस्मान गनी.