बाबागाडीची घडी घालण्यापूर्वी बाळाला बाहेर काढा!

ही सूचना अमेरिकेतल्या एका बाबागाडीवर छापलेली होती. एका वॉशिंग मशीनवर लिहिले होते, ‘यात कोणत्याही माणसाला घालू नये.’ मिशिगन राज्यातली एक संस्था १९९७ पासून अशा वेडगळ सूचनांची स्पर्धा भरवत असे. ही संस्था मुळात कोर्टबाजीविरुद्ध मोहीम चालवणारी. तिचे म्हणणे असे, की लोक ऊठसूट दावे ठोकतात, म्हणून कंपन्या घाबरून काहीही छापतात. यात तथ्य आहे. पण इशाऱ्यांचा इतिहास एवढ्यावर संपत नाही.

कॉफीचा खटला

या विषयावर हमखास सांगितला जाणारा किस्सा म्हणजे मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीचा. ‘बाईने स्वतःच कॉफी सांडली आणि कोट्यवधी मिळवले!’ प्रत्यक्षात काय झाले? १९९२ साली ७९ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीवर कॉफी सांडली. ती ८२ ते ८८ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवली जात असे. एवढ्या गरम द्रवाने काही सेकंदांत त्वचा पूर्ण खोलीपर्यंत भाजते. त्या आठ दिवस रुग्णालयात होत्या, त्वचारोपण करावे लागले. त्यांनी सुमारे २० हजार डॉलर मागितले; कंपनीने ८०० देऊ केले. खटल्यात उघड झाले, की भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी कंपनीकडे आधीच आल्या होत्या. ज्यूरींनी सुमारे २९ लाख डॉलर ठरवले, पण न्यायाधीशांनी ती रक्कम ६ लाख ४० हजारांवर आणली आणि पुढे आपसात तडजोड झाली. विशेष म्हणजे कपावर इशारा होताच, पण तो कुणाच्या नजरेत भरत नव्हता.

लेबल खोटे असेल तर?

१९३७ साली अमेरिकेत ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ या पातळ औषधाने शंभरहून अधिक लोक दगावले. त्यांत बरीच लहान मुले होती. औषध विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरले होते. हे गोडसर रसायन किडनी निकामी करते. तेव्हाच्या कायद्यात विक्रीपूर्वी सुरक्षितता तपासण्याची सक्तीच नव्हती. सरकारला कारवाई करता आली ती एका तांत्रिक मुद्द्यावर: ‘एलिक्झिर’ म्हटले की त्यात अल्कोहोल हवे, यात ते नव्हते, म्हणजे लेबल चुकीचे! पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, नवा कायदा आला.

तेच विष १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पोहोचले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरीन पाजले जाते. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. १४ रुग्ण किडनी निकामी होऊन गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या बेपर्वाईवर कडक ताशेरे ओढले. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला.

योगायोग असा, की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही त्यात येते असा निकाल दिला. त्याला विरोध करणारी बाजू आम्हा डॉक्टरांच्याच संघटनेची होती! दाव्याच्या भीतीने जादा तपासण्या आणि लांबलचक संमतीपत्रे वाढतात, ही आमची तक्रार खोटी नाही. पण जाब विचारणारे कुणीच नसेल, तर काय होते ते जे. जे. प्रकरणाने दाखवले आहे.

आणि ते संपलेले नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कफ सिरपमुळे वीसहून अधिक मुले गेली. विष तेच. त्या प्रकारच्या मिश्रणावर ‘४ वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असे छापा, हा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता.

आपल्याकडे काय करायचे?

अमेरिकेत इशारे इतके झाले, की खरा इशारा त्या गर्दीत हरवतो. आपल्याकडे उलट अडचण आहे: इशारा असतो, पण आपणच तो फेकून देतो. म्हसवड-आटपाडी पट्ट्यात डाळिंबावर फवारणी झाली, की उरलेले औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवले जाते. लेबल मूळ डब्यावरच राहते आणि घरातल्या पोराला ते सरबत वाटते.

म्हणून एवढे करा:

• कीटकनाशक मूळ डब्यातच, कुलपात ठेवा. लेबलवरच्या चौकोनाचा खालचा भाग लाल असेल तर ते अतिविषारी; त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा असा विषारीपणा उतरत जातो.

• विषबाधा झाली तर रुग्णासोबत डबाही दवाखान्यात आणा. आत काय आहे ते कळले, की योग्य उतारा लवकर देता येतो.

• चार वर्षांखालील मुलाला सर्दी-खोकल्याचे औषध मनाने देऊ नका. मोठ्या भावंडाची उरलेली बाटली तर नकोच.

• औषधाचे बिल आणि बॅच नंबर असलेले वेष्टन जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आलीच, तर तोच तुमचा पुरावा.

गोळ्यांच्या पाकिटावरची ती बारीक अक्षरे चष्मा लावून एकदा वाचा. समजली नाहीत तर पाकीट घेऊन या, मी वाचून सांगेन.