नांव घेण्याची रीत



महोत्सवाच्या या पुस्तिकेकरितां नांवांच्या याद्या तपासतांना असें दिसलें कीं, कोणाच्या नांवामागें 'राव' आहे, कोणाच्या नांवापुढें 'श्रीमती' आहे, तर कोणाचें नुसतें नांव आहे. ज्याचें नुसतें नांव होतें, तो बहुधा गरीब होता. त्यावरून जो विचार सुचला, तो येथें मांडितों.

पुणें शहरांतील आद्य कॅथॉलिक मंदिर नाना पेठेंत आहे. सवाई माधवराव पेशव्यांनीं १७९२ सालीं आपल्या सैन्यांतील ख्रिस्ती लोकांकरितां त्यासाठीं जागा दिली. पेठेस नांव मिळालें तें नाना फडणविसांचें. परंतु 'नाना' हें त्यांचें खरें नांव नव्हे. ते बाळाजी जनार्दन भानू. तसेच नानासाहेब पेशवे हे बाळाजी, भाऊसाहेब हे सदाशिवराव, दादासाहेब हे रघुनाथराव. थोरांचें नांव तोंडीं घ्यावयाचें नाहीं, नात्याच्या शब्दानें त्यांस संबोधावयाचें, ही महाराष्ट्राची रीत.

पेशव्यांच्या त्या ख्रिस्ती सैनिकांच्या पुढाऱ्याचें नांव डोम मिगेल दि नोरोन्या असें सांगतात. 'डोम' हा शब्द 'स्वामी' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला, आणि पोर्तुगीज लोक तो पहिल्या नांवास जोडितात. इंग्रजांचा 'मिस्टर' आडनांवास लागतो. त्यांच्यांत ओळख नसतां पहिल्या नांवानें हांक मारणें ही पूर्वीं मोठी सलगी समजली जाई. आम्ही 'राव', 'पंत', 'बाई' हे शब्द नांवाच्या शेवटीं जोडितों. शिवाय आमचें क्रियापदहि मान सांगतें. 'ये' आणि 'या' यांत अंतर एका स्वराचें, परंतु तेवढ्यानें मनुष्य सुखावतो किंवा दुखावतो.

पत्नीनें पतीचें नांव घेऊं नये, हीहि त्याच रीतीची एक शाखा. न्यायमूर्ति रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. त्यांत त्या पतीचा उल्लेख 'स्वतः' या शब्दानें करितात. १९३८ सालीं त्यांचें इंग्रजी भाषांतर निघालें, तेव्हां पुस्तकाचें नांवच 'हिमसेल्फ' असें ठेविलें गेलें. लक्ष्मीबाई टिळक 'स्मृतिचित्रां'त पतीस केवळ 'टिळक' म्हणतात. या दोघींचीं माहेरचीं नांवें अनुक्रमें यमुना व मनकर्णिका. सासरीं तीं बदललीं. पतीचें नांव मानानें झांकलें गेलें आणि पत्नीचें नांव पुसलें गेलें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

ही रीत ख्रिस्ती घरांतहि टिकली. कांहीं वर्षांपूर्वीं एक वृद्ध विधवा मृत पतीकरितां मिस्सा सांगावयास आली. "आजी, नांव काय लिहूं?" असें विचारतां ती गप्प राहिली. अखेर तिनें नातवास पुढें केलें आणि म्हणाली, "फादर, हा सांगेल." त्या मौनांत जन्मभराची निष्ठा होती. तिला मागासलेली म्हणण्यास माझी जीभ धजणार नाहीं.

विवाहविधीचा इतिहासहि येथें बोलका आहे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथांत वधूवरांचीं नांवें धर्मगुरु उच्चारीत असे, आणि संमति विचारिली असतां वधूनें 'होय' म्हटलें कीं पुरे होई. १९६९ सालीं सुधारलेल्या विधींत वधूवर स्वमुखानें एकमेकांचें नांव घेऊन वचन देऊं लागले. जी स्त्री घरीं 'अहो' म्हणणार, तीच वेदीपुढें पतीचें नांव स्पष्ट घेते. आणि तिचेंहि नांव तितक्याच स्पष्टपणें घेतलें जातें.

परंतु दुसरी बाजू सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. ज्या मराठींत थोरांकरितां 'नाना' आणि 'आपण' होतें, त्याच मराठींत गांवकुसाबाहेरच्या पांढऱ्या केंसांच्या माणसास वरच्या जातीचें पोर 'अरे म्हाद्या' अशी हांक मारी, आणि त्या वृद्धानें उलट 'जोहार' करावा अशी अपेक्षा असे. महादेवाचा म्हाद्या झाला, सखारामाचा सख्या झाला. पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतून पुण्यास आलेल्या आपल्यांतील अनेक कुटुंबांस ही गोष्ट पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं. भीमराव आंबेडकर यांस लोकांनीं 'बाबासाहेब' म्हटलें, यांतील अर्थ येथें उमगतो. जो 'साहेब' एके काळीं पेशव्यांच्या घराण्यांत शोभे, तो त्या लोकांनीं आपल्या पुढाऱ्यास स्वतःच्या हातांनीं अर्पण केला.

आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत श्रीमंतास व मजुरास सारखीच ओळ मिळते; तेथें म्हाद्या नाहीं आणि सख्याहि नाहीं. परंतु वहींतील ती समता आपल्या जिभेवर उतरली आहे काय?

आज कचेऱ्यांतून तरुण मंडळी वरिष्ठांसहि पहिल्या नांवानें हांक मारितात. तो परदेशी रिवाज आहे, उद्धटपणा नव्हे. वृद्धांनीं त्याचें वाईट वाटून घेऊं नये. तसेंच तरुणांनीं आजीच्या मौनास हंसूं नये. रीति भिन्न असणारच. दोष रीतींत नाहीं. वरच्यास एक रीत आणि खालच्यास दुसरी, यांत तो आहे.

मंदिराचें आवार झाडणाऱ्या वृद्धास, घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईस आपण कशी हांक मारितों, तें या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येकानें आपल्याच कानांनीं एकदां ऐकावें. याद्यांतील नांवें मीं सर्वांचीं सारखीं करून छापावयास दिलीं आहेत. पुढचें काम आपणां सर्वांचें आहे.